आधी दोरा, मग सुई, मग मशीन

कपड्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं शिलाई मशिनं दुरुस्त केली म्हणून त्यांचं नाव सुईताई पडलं. खरं नाव फक्त पगाराच्या चिठ्ठीवर असायचं.

धागे कापायच्या टेबलावर त्या लागल्या तेव्हा सव्वीस वर्षांच्या होत्या. तेव्हाचा फिटर म्हणायचा, "बायकांनी मशीन चालवायचं, उघडायचं नाही." सुईताईंनी हे ऐकून घेतलं आणि जेवणाच्या सुट्टीत त्याचाच स्क्रूड्रायव्हर घेऊन बंद पडलेलं सतरा नंबरचं मशीन उघडलं. सुट्टी संपल्याची घंटा झाली तेव्हा मशीन चालू होतं.

"नशिबाने चाललं," फिटर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तेवीस नंबर चालू केलं. "हेही नशीबच," त्या म्हणाल्या. "हल्ली रोज येतं माझ्याकडे."

पुढे फिटर निवृत्त झाला आणि त्याची लोखंडी पेटी सुईताईंकडे आली. त्यांनी कामाचा एकच नियम ठेवला आणि हाताखाली आलेल्या प्रत्येकाकडून तो घोकून घेतला: आधी दोरा, मग सुई, मग मशीन. दहा मशिनं अडली तर सहा दोऱ्यामुळे अडलेली असतात, तीन सुईमुळे. माणूस मात्र स्क्रूड्रायव्हर घेऊन धावतो तो थेट दहाव्याच्या पोटात. शिवाय एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि मशीन चाललं, तर ते कशामुळे चाललं हे कुणाच्या बापाला सांगता येत नाही.

आणखी एक सवय होती. कारखान्यात कापडाची बारीक लव हवेत तरंगायची आणि मिळेल त्या फटीतून मशिनात शिरायची. म्हणून तेलाचं नसलेलं कुठलंही भोक दिसलं की सुईताई त्यात चिमूटभर लांबी, म्हणजे पुट्टी, दाबून ते बुजवून टाकायच्या. ही सवय इतकी अंगात मुरली होती, की घरातल्या भिंतीवर खिळ्याचं एक रिकामं भोक सापडलं नसतं.

मग नवी मशिनं आली. त्यांना पडदे होते, आणि काय बिघडलं ते पडद्यावर लिहून यायचं.

"आता मशीन स्वतःच सांगतं, ताई," मॅनेजर म्हणाला.

"आणि ते खोटं सांगायला लागलं तर?"

मॅनेजर हसला. महिन्याभरात निरोप समारंभ झाला, भिंतीवर लावायचं घड्याळ मिळालं, आणि सत्तावन्नाव्या वर्षी सुईताई घरी बसल्या.

घर म्हणजे छापखान्यावरच्या दोन खोल्या. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, मूलबाळ नाही. थोरले दादा पहिल्याच रविवारी आले आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "आवर आता इथलं. माझ्याकडे मागची खोली रिकामी आहे. वहिनीलाही तुझी सोबत होईल."

मागची खोली सुईताईंनी पाहिलेली होती. तिथे इस्त्रीचं टेबल होतं, एकावर एक रचलेल्या बॅगा होत्या आणि खिडकीबाहेर शेजारच्या घराची भिंत. वहिनी स्वभावाने चांगली होती, पण तिची सोबत म्हणजे दार उघडणं, फोन घेणं आणि कुंड्यांना पाणी घालणं.

"मागच्या खोलीत सामान ठेवतात, दादा," त्या म्हणाल्या. "मी सामान नाही."

"अगं, पण मग करणार काय तू?"

त्याचं उत्तर पुढच्या महिन्यात दारात येऊन उभं राहिलं. डोंगरावरच्या रुग्णालयाला सकाळच्या पाळीच्या सहा नर्सना वर नेण्यासाठी गाडी हवी होती. नवऱ्याची बेकरीची व्हॅन सुईताईंनी वर्षानुवर्षं चालवली होती, घाटरस्ता त्यांच्या पायाखालचा होता. निवृत्तीचा सगळा पैसा घालून त्यांनी एक वापरलेली एसयूव्ही घेतली. अकरा वर्षांची, डिझेलवर चालणारी, सात माणसांची, रंगाने ढगाळ आभाळासारखी.

"एकाच मालकाची गाडी आहे, ताई," विकणारा एजंट म्हणाला होता. घरी आल्यावर पुढच्या कप्प्यात तीन चष्मे सापडले, तिन्हींचे नंबर वेगळे.

दादा गाडीभोवती दोनदा फिरले. "म्हातारपणी घोडं घेतलंस, तेही म्हातारं."

"मग आमचं जमेल."

दोन दिवस सुईताईंनी गाडी साफ केली. सीटखालची माती काढली, दाराची रबरं पुसली, जिथे खडखड होती तिथे पट्टी लावली, जिथे फट किंवा भोक दिसलं तिथे लांबी भरली. सोमवारी पहाटे सहाही जणींना घेऊन त्या निघाल्या.

घाटात, पाण्याच्या टाकीच्या वळणावर, गाडीला दम लागल्यासारखं झालं. तिने दोन आचके दिले आणि ती गप्प झाली.

मागच्या सीटवर एक बडबडी नर्स होती. ती पुढे वाकून म्हणाली, "ताई, हिला ऑक्सिजन लावायचा का?"

सगळ्या हसल्या. सुईताई हसल्या नाहीत. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि किल्ली फिरवली. इंजिन नुसतं फिरत राहिलं, पेटेना. वीस मिनिटांनी, कुणी काहीच केलेलं नसताना, गाडी सुरू झाली आणि सरळ वर गेली.

रुग्णालयाच्या दारात मेट्रनबाई उभ्या होत्या, छातीवर घड्याळ अडकवलेलं. आवाज न चढवता त्या म्हणाल्या, "आमच्या रात्रपाळीच्या मुली बारा तास पायांवर आहेत. तुमच्या मुली येईपर्यंत त्यांना हलता येत नाही. गाडी अडली की अशा सहा जणी अडतात."

"पुन्हा होणार नाही."

"शनिवारी बघू. तोवर भाड्याने गाड्या देणाऱ्या कंपनीची व्हॅन येईल. शनिवारी एक मिनिट जरी उशीर झाला, तर ती व्हॅनच कायम."

सुईताई रिकामी गाडी घेऊन घाट उतरल्या. शनिवार हुकला तर गाडी विकावी लागेल, आणि गाडी विकली की मागची खोली. मध्ये तिसरं काही नव्हतं.

त्यांनी गाडी सरळ गॅरेजात नेली. गॅरेजच्या मालकाला सगळे फोरमन म्हणत. आयुष्यभर हातोडे ऐकून त्यांचे कान गेलेले होते, त्यामुळे ते गुपितसुद्धा ओरडून सांगत.

"डिझेलचा फिल्टर तुंबलाय!" फोरमन गरजले. फिल्टर बदलला आणि गल्लीला एक चक्कर मारली. गाडी शहाण्या बाळासारखी चालली. मंगळवारी सुईताईंनी ती सपाट मोठ्या रस्त्यावर काढली आणि एक्केचाळिसाव्या मिनिटाला ती पुन्हा बंद पडली.

"मग पंप गेला!" फोरमन म्हणाले. "नवा यायला दहा दिवस!"

"माझ्याकडे चार आहेत."

"मग गाडीला सांगा!"

संध्याकाळी त्या एजंटकडे गेल्या आणि त्याला चोर म्हणून असं काही झापलं, की शेजारच्या टायरवाल्याने काम थांबवून खुर्ची बाहेर ओढली.

"ताई, माझ्याकडून निघाली तेव्हा चांगली होती हो," एजंट गयावया करत म्हणाला. "हवं तर परत घेतो. निम्म्या किमतीत."

"निम्म्या किमतीत निम्मी गाडी मिळेल. पुढची घेतोस की मागची?"

टायरवाला खो खो हसला. सुईताई तरातरा निघाल्या, पण घरचा जिना चढताना मध्येच कठडा धरून थांबल्या. दादांचा फोन आला. "ऐक माझं. दे परत. निम्मे तर निम्मे. वहिनीने बॅगा हलवून ठेवल्यात."

"बॅगांना म्हणावं, जागेवर बसा."

फोन ठेवून त्यांनी वही काढली. कारखान्यातही अडलेल्या मशीनची त्या वही ठेवत. आपण त्यात कुणाची बाजू घेत नाही, नुसतं घडलं ते लिहितो, असं त्या म्हणत. सोमवारी घाटात, तेहेतिसावं मिनिट. मंगळवारी सपाटीवर, एक्केचाळिसावं. गॅरेजात कधीच नाही. पण फोरमन दहा मिनिटांपलीकडे चालवतच नाहीत. बुधवारी त्यांनी मुद्दाम गाडी दोनदा लांब नेली. सकाळी वाटेत डिझेल भरलं, तर तासभर काही झालं नाही. दुपारी न भरता गेल्या, तर चाळिसाव्या मिनिटाला बंद.

म्हणजे चढाचा संबंध नव्हता, वेळेचा होता. सुईताई त्या ओळींकडे बघत राहिल्या, आणि मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली. तीन दिवस झाले, नवख्या फिटरसारखी आपण मशीनचीच चर्चा करतोय. दोरा कुठे बघितला?

गुरुवारी गॅरेज उघडायच्या आधी त्या दारात हजर होत्या.

"पंपाला हात लावू नका. आधी डिझेल कुठून कुठे जातं ते मला दाखवा. टाकीपासून."

"ताई, ही गाडी आहे!" फोरमन म्हणाले. "शिलाई मशीन नाही!"

"दोऱ्याशिवाय तुमची गाडी चालते का?"

फोरमननी मान खाजवली. सुईताईंचं म्हणणं खोडता येईना, म्हणून ते गुरगुरत कामाला लागले. इंजिनाशेजारी त्यांनी डिझेलचा एक उघड्या तोंडाचा डबा बांधला आणि टाकीची नळी काढून इंजिनाला त्या डब्यातून डिझेल दिलं. मग दोघं निघाले. पाण्याच्या टाकीच्या वळणापर्यंत वर, खाली, पुन्हा वर. पन्नास मिनिटं झाली, तास झाला. गाडी एकदाही शिंकली नाही.

"इंजिन ठीक, पंप ठीक," सुईताई म्हणाल्या. "सुई आणि मशीन दोन्ही सुटली."

"म्हणजे आडात आहे, पण पोहऱ्यात येत नाही!" आता फोरमनना चव लागली होती. "टाकीत चिंधी पडली असणार! नळीच्या तोंडाला चिकटत असेल! उद्या टाकीच उतरवतो!"

शुक्रवारी सुईताईंनी आधी गाडी पस्तीस मिनिटं पळवली आणि मग ती गॅरेजात आणली. अडायच्या बेतात असताना तिला बघायचं होतं. तिथे दादाही येऊन बसले होते. सोबत गाडी परत करायचे कागद होते, फक्त सहीची जागा कोरी.

टाकी उतरवायची तर आधी रिकामी करायला हवी. फोरमननी झाकण फिरवलं.

सुस्स... अगदी हलका आवाज, सुतळीएवढा. फोरमनना तो ऐकू येणं शक्यच नव्हतं. दादा कागद चाळत होते. पण चारशे मशिनांच्या गदारोळात एका सैल स्क्रूचा आवाज ओळखणारे कान तिथे होते.

"थांबा!" सुईताई ओरडल्या. "आत हवा गेली. बाहेर आली नाही, आत गेली."

"मग?"

"टाकी श्वास कोंडून बसली होती. डिझेल बाहेर जाणार, तर त्याच्या जागी हवा आत यायला नको? डब्याचं तोंड उघडं होतं, म्हणून डबा चालला. डिझेल भरायला झाकण उघडलं की ती श्वास घ्यायची, म्हणून बुधवारी सकाळी चालली. घाटात उभी राहिली तेव्हा कुठून तरी थोडी हवा झिरपली असेल, म्हणून वीस मिनिटांनी सुरू झाली. बघू ते झाकण."

झाकण हातात आलं. आतल्या बाजूला, मधोमध, हवेसाठी ठेवलेलं छोटं भोक होतं. आता तिथे राखाडी लांबीचा एक टिपका होता, घट्ट आणि गुळगुळीत.

"हे कुणी बुजवलं?" फोरमननी डोळे बारीक केले. "कुठल्या शहाण्याने?"

"दुसरं कोण, त्या एजंटने!" दादा ताडकन उठले. "चल, आत्ता जाऊ. झाकणच पुरावा आहे. पूर्ण पैसे मागू. चांगला धरू त्याला!"

सुईताईंनी झाकण उजेडात धरलं. लांबीच्या टिपक्यावर बारीक रेषा उमटलेल्या होत्या. मध्ये एक तिरका काप. सतरा नंबरच्या मशीनच्या पात्याने तो त्यांच्या उजव्या अंगठ्यावर केला होता, एकतीस वर्षांपूर्वी. त्यांना सगळं लख्ख आठवलं. गाडी धुतली ती दुपार, झाकणाचं ते भोक, आणि मनात आलेलं, आत धूळ जाईल.

गॅरेजात आणखी कुणाला हे कळणार नव्हतं. दादांना अंगठ्याचे ठसे वाचता येत नव्हते.

"हा माझा अंगठा आहे," सुईताई म्हणाल्या.

"काय?"

"मीच बुजवलं. सवयीने."

दादांनी आधी फोरमनकडे पाहिलं, मग आवाज खाली आणला. "हळू बोल की. कुणाला कळतंय? अगं, जग हसेल तुला."

"हसू दे. पण त्या माणसाला मी चारचौघांत चोर म्हटलं. चारचौघांतच परत घ्यायला नको?"

"हात दाखवून अवलक्षण!"

"अवलक्षण तर अवलक्षण. हात माझा आहे."

फोरमन इतका वेळ दोघांच्या तोंडांकडे बघत होते. आता ते एकदम हसायला लागले, पोट धरून. "एकतीस वर्षांची मेकॅनिक! झाकण बुजवलं!" मग डोळे पुसत म्हणाले, "पण शोधलं पण तुम्हीच हो! मी पंप बदलून मोकळा झालो असतो!"

त्यांनी ड्रिल आणलं. सुईताईंनी ते बाजूला सारलं. "भोक मोठं होईल." पेटीतून त्यांनी जाड कापडाची सर्वांत दणकट सुई काढली, पकडीत धरून लाल होईपर्यंत तापवली आणि होतं तेवढंच भोक पुन्हा मोकळं केलं. सुटलेली पूड झटकून झाकणावर फुंकर मारली, तर हवा पलीकडे गेली.

त्या दुपारी गाडी सव्वा तास चालली. परतताना त्या एजंटच्या दारात थांबल्या आणि टायरवाल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "गाडीत खोट नव्हती. चूक माझी होती. तुला चोर म्हटलं ते परत घेते."

एजंट खुर्चीतून उठलाच. "अहो ताई, असू दे..."

"एकाच मालकाची म्हणालास, ते मात्र परत घेत नाही. तीन चष्मे माझ्याकडे आहेत."

शनिवारी पहाटे सहाही जणी गाडीत बसल्या. मागून दादांची गाडी आली. दादांनी काच खाली करून जाड दोर दाखवला. "ओढायला लागेल म्हणून आणलाय."

"ये मागून," सुईताई म्हणाल्या. "पोचता आलं तर."

घाट लागला. पाण्याच्या टाकीचं वळण जवळ आलं तशी बडबडी नर्सही बोलायची थांबली. सुईताईंना सगळ्यांचे श्वास ऐकू येत होते. त्यांनी ना वेग कमी केला, ना गाडीला काही विनवणी केली. शुक्रवारी केलं ते बरोबर होतं की नाही, एवढाच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर आता बदलणार नव्हतं. तेहेतिसावं मिनिट आलं. गाडीने वळण घेतलं, दुसरं घेतलं, तिसरं घेतलं. पाण्याची टाकी मागे राहिली.

"ऑक्सिजन मिळाला वाटतं हिला!" बडबडी किंचाळली, आणि गाडीत एकच कल्ला झाला.

"त्या दिवशी तू बरोबर बोलली होतीस," सुईताई म्हणाल्या. "मी हसले नाही, तेव्हाच ऐकायला हवं होतं."

मेट्रनबाईंनी छातीवरचं घड्याळ पाहिलं. सहा मिनिटं आधी. नर्स आत पळाल्या, रात्रपाळीच्या मुली पाय ओढत बाहेर यायला लागल्या.

"काय बिघडलं होतं?" मेट्रनबाईंनी विचारलं.

दादांची गाडी नुकतीच येऊन उभी राहत होती. ते उतरून घाईघाईने खाकरले. सुईताईंनी तिकडे पाहिलंच नाही.

"गाडी नव्हती बिघडली. मीच बिघडवली होती. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक मी बुजवलं होतं."

मेट्रनबाईंनी हातातल्या यादीवरून मान वर केली. "हे सांगायची काही गरज नव्हती."

"होती. अकरा वर्षांची गाडी आहे, कधीतरी पुन्हा अडेल. त्या दिवशी मी म्हणाले की चूक माझी नाही, तर तुम्हाला ते पटायला हवं."

"म्हणजे पुन्हा अडणार?"

"अडेल की! कंपनीच्या व्हॅन काय अमर असतात? पण माझी अडली तर का अडली ते मला कळेल. त्या व्हॅनवाल्याला विचारून बघा, त्याला सांगता येईल का."

मेट्रनबाई हसल्या नाहीत, पण त्यांनी खिशातून पेन काढलं आणि हातातल्या यादीवर काहीतरी खोडून वर दुसरं लिहिलं. "सोमवारी. हीच वेळ. या मुलींना खाली सोडायचं कामही तुमच्याकडेच."

रात्रपाळीच्या सहा जणी गाडीत शिरल्या आणि दार लागायच्या आत त्यातल्या दोघींचा डोळा लागला.

दादा दोर हातात घेऊन उभे होते. तो कुठे ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं. "जमवलंस म्हणायचं," ते म्हणाले. "वहिनीला काय सांगू?"

"सांग, इस्त्रीचं टेबल होतं तिथेच बरं आहे." सुईताईंनी हात पुढे केला. "आण तो दोर इकडे."

"तुला कशाला? तुझी तर चालतेय."

"घाटात रोज कुणाची ना कुणाची अडतेच," सुईताई म्हणाल्या आणि दोर आपल्या गाडीत टाकून त्यांनी किल्ली फिरवली.